व्होल्टेज जास्त म्हणून गाडी बाद? आधी मीटर तपासा

कापसाची उलंगवाडी झाली, जिनिंगचं आवार मोकळं झालं, की आपल्याकडं आरसी (रिमोटवर चालणाऱ्या छोट्या) गाड्यांच्या शर्यतींना जोर येतो. आणि शर्यतीआधी तपासणीच्या टेबलावर ठरलेलं भांडण होतं. बॅटरीला मीटर लावलं, आकडा आला ८.४४. मर्यादा ८.४०. तपासणारा म्हणतो, बाद. पोरगं म्हणतं, "घरी तं आठ-चाळीसच होतं भाऊ, तुमचंच मीटर खोटं हाये." मागं उभा असलेला काका दोन पावलं पुढं येतो, आणि पहिली हीट, म्हणजे शर्यतीची फेरी, लांबते ती लांबतेच.

मी टेबलाच्या तपासणाऱ्या बाजूला बसतो, तरी सांगतो: या भांडणात बहुतेक वेळा पोरगं खरंच बोलत असतं. त्यानं काही लबाडी केलेली नसते. त्याच्या चार्जरचा ८.४० आणि टेबलावरच्या मीटरचा ८.४० हे एकच नसतात, एवढाच घोळ असतो. तो दर स्पर्धेत पुन्हा उगवतो, कारण दर वेळी वाद गाडीवर घातला जातो आणि मोजमाप तसंच राहतं.

आधी नियम. लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीचा एक सेल पूर्ण भरला की ४.२० व्होल्टवर थांबवायचा असतो. आपल्या १:१० (खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराच्या) गाड्यांत दोन सेलचा पॅक चालतो, म्हणून मर्यादा ८.४०. अमेरिकेतल्या 'रोअर' या संस्थेच्या नियमांतही हाच आकडा आहे आणि आपण तो तिथूनच उचललाय. यामागं दोन कारणं. जास्त व्होल्ट म्हणजे मोटर जास्त फिरणार, आणि १७.५ टर्नसारख्या (टर्न म्हणजे मोटरच्या तारेचे वेढे) स्टॉक क्लासमध्ये सगळ्यांच्या मोटरी सारख्या असल्यानं तेवढाही फरक सरळ रस्त्यावर दिसतो. दुसरं कारण आगीचं. सेल ४.२० च्या वर दाबून भरला की तो आतून बिघडायला लागतो.

आता निदान. सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारा: आकडा सगळ्यांचा जास्त येतोय की एकाचाच? एकामागून एक आलेल्या पाच-सहा जणांचे पॅक ८.४३, ८.४५, ८.४४ असे येत असतील, तर गाड्या बाजूला ठेवा आणि टेबलावरचं मीटर उलटं करून मागचं झाकण उघडा. एकाचाच जास्त येत असेल आणि बाकीचे ८.३८-८.३९ असतील, तर त्याचा चार्जर बघा. हा एक प्रश्न विचारला तरी अर्धी भांडणं तिथंच संपतात.

मीटर

आपल्या टेबलावर असतं ते पिवळं, इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारं स्वस्त मल्टिमीटर. त्याच्या आत ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी असते. ही बॅटरी उतरली की मीटर कमी दाखवेल, असं सगळ्यांना वाटतं. होतं उलटं. मीटर समोरचा व्होल्ट स्वतःच्या आतल्या एका ठरावीक व्होल्टशी ताडून बघतं. बॅटरी फारच उतरली की तो आतला आधारच खाली येतो, आणि मापायचा व्होल्ट त्याच्या तुलनेत मोठा दिसतो. म्हणजे मरायला टेकलेलं मीटर सगळ्यांनाच जास्त दाखवतं. स्क्रीनवर बॅटरीचं चिन्ह येतं खरं, पण स्वस्त मीटरमध्ये ते उशिरा येतं, आणि उन्हात ती काळी स्क्रीन कोण इतक्या बारकाईनं बघतो!

म्हणून स्पर्धेच्या सकाळी मीटरमध्ये नवी बॅटरी घालायची. दुकानात धूळ खात पडलेली नको, तारीख बघून आणा. टीव्हीच्या रिमोटचे सेल आपण ठोकून-ठाकून चालवतो, तो प्रकार इथं करायचा नाही.

नवी बॅटरी घातली तरी मीटरची स्वतःची चूक उरतेच. अशा मीटरच्या कागदावर डीसी व्होल्टसाठी साधारण '०.५ टक्के अधिक २ अंक' अशी अचूकता लिहिलेली असते. हिशोब करा: ८.४० चा अर्धा टक्का म्हणजे ०.०४२. वर २० च्या रेंजमधले दोन अंक म्हणजे ०.०२. बेरीज ०.०६ व्होल्ट. म्हणजे खरोखर ८.४० असलेला पॅक हे मीटर ८.३४ पासून ८.४६ पर्यंत काहीही दाखवू शकतं, आणि तरी कंपनीच्या दृष्टीनं मीटर चांगलंच आहे. आपण मात्र ८.४१ वर पोराला घरी पाठवतो.

तीही अचूकता २३ अंश तापमानाच्या आसपासची, पाच अंश इकडंतिकडं. मे महिन्यात जिनिंगच्या पत्र्याखाली किती असतं ते तुम्हाला सांगायला नको. उन्हामुळे बॅटरीचे व्होल्ट वाढतात, असं बरेच जण ठासून सांगतात. भरलेल्या लिपोचा आकडा उन्हानं नियम मोडण्याइतका वाढत नाही. त्याच उन्हात तापलेलं मीटर मात्र शेवटच्या अंकात एखाद-दोन घरं सरकू शकतं. मीटर सावलीत ठेवा. टेबलावर ओला दुपट्टा अंथरून त्यावर ठेवणारे बघितलेत; तसं करू नका, ओल आत गेली की नवाच ताप.

रेंजसुद्धा बघा. नॉब २०० वर राहिला तर मीटर एकच दशांश दाखवतं, ८.४ किंवा ८.५. तेवढ्यावर कुणाला बाद करणं हा शुद्ध अन्याय आहे. नॉब डीसी २० वर हवा.

मीटर खरं किती चुकतं हे कळायला शहरात प्रयोगशाळेत जायची गरज नाही. एडी५८४ नावाच्या चिपवर बनवलेलं एक छोटं मॉड्यूल ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतं. ते २.५, ५, ७.५ आणि १० असे ठरावीक व्होल्ट देतं, आणि बहुतेक वेळा सोबत त्याच नगाचे मोजलेले आकडे लिहिलेली चिठ्ठी येते. मोटरसायकलच्या १२ व्होल्ट बॅटरीवर ते ७.५ चा आउटपुट आरामात देतं, आणि आपल्याला ८.४० च्या जवळचा तोच हवा. चिठ्ठीवर ७.५०१ आहे आणि मीटर ७.५४ दाखवतंय, तर मीटर सुमारे अर्धा टक्का जास्त बोलतंय. मग ८.४० च्या जागी ते ८.४४ दाखवणार. हा फरक मार्करनं मीटरच्या पाठीवर लिहून ठेवा, तारखेसकट. तीन जणांची तीन मीटरं आणून मधला आकडा खरा धरायचा प्रकार काही ठिकाणी चालतो. तिन्ही एकाच दुकानातली, एकाच खोक्यातली असतील तर तिन्ही एकाच बाजूला चुकतील, मग कसला मधला?

आणि प्रोब. बॅटरीच्या प्लगमध्ये मीटरच्या सुया खुपसून मोजणं बंद करा. टी-प्लगच्या दोन पात्यांत जागा ती किती. एक सुई घसरली की दोन्ही पाती जुळतात. मग 'चट्ट' असा आवाज, निळी ठिणगी, सुईचं टोक वितळून काळं गोळं झालेलं, आणि हातात पॅक धरलेलं पोरगं दचकून मागं. त्यापेक्षा एक टी-प्लग घ्या, त्याला वीतभर वायर, दुसऱ्या टोकाला मीटरमध्ये सरळ बसणारे बनाना प्लग. बुलेटवाल्या (गोल पिनांच्या) हार्डकेस, म्हणजे कडक खोळीच्या, पॅकसाठी तशीच दुसरी वायर. एकदा डाग मारून ठेवल्या की वर्षानुवर्षं चालतात, आणि आकडाही हलत नाही. गाडी टेबलावर आली की प्लग लावायचा, आकडा वाचायचा, काढायचा. मीटरला कुणी हात लावायची गरजच नाही.

चार्जर

एकट्याचाच पॅक जास्त येत असेल तर आकड्यावरूनच बरंच कळतं. ८.४२-८.४५ असेल तर चार्जरच्या आतलं माप थोडं सरकलेलं आहे. स्वस्त चार्जरमध्ये हे नेहमीचंच, त्यात पोराचा दोष नाही. ज्या चार्जरमध्ये प्रत्येक सेलचा शेवटचा व्होल्ट बदलता येतो, त्यात तो ४.२० वरून ४.१८ करा. चार्जरच्या मापानं पॅक ८.३६ ला थांबेल. एवढ्यानं गाडी मागं पडेल ही भीती सगळ्यांना असते. पण स्टार्टला थ्रॉटल दाबला की करंटच्या ओढीनं पॅकचा व्होल्ट त्याच्या कितीतरी पट खाली येतो. ०.०४ पेक्षा जास्त तर जुन्या प्लगमध्ये आणि गरम होणाऱ्या सोल्डरमध्येच जातं. प्लग नवा घाला, ०.०४ चा विचार सोडून द्या.

८.५० च्या वर आकडा असेल तर तो चार्जर वापरायचाच नाही. आणि ८.६५-८.७० दिसला तर चार्जर बहुधा लिएचव्ही मोडवर राहिलाय. लिएचव्ही म्हणजे जास्त व्होल्टचा लिपो, त्याच्या लेबलवर ७.४ ऐवजी ७.६ व्होल्ट छापलेलं असतं आणि सेल ४.३५ पर्यंत भरतो. भावाचा चार्जर उसना आणला, त्यानं शेवटचा पॅक लिएचव्ही भरला होता, मेमरी तीच राहिली, बटण दाबलं आणि चहा प्यायला गेले, असं होतं. पॅक साधा ७.४ चा असेल तर इथं नियमाचा प्रश्नच नाही. तो पॅक सावकाश उचलून माणसांपासून दूर मातीवर ठेवा, फुगतोय का बघत राहा, आणि त्या दिवशी तो परत गाडीत घालू देऊ नका. कितीही विनवण्या केल्या तरी.

एकूण आकडा बरोबर पण आत गडबड, असंही होतं. एक सेल ४.१६ आणि दुसरा ४.२४, बेरीज ८.४०. टेबलावर पास. बॅलन्सच्या पांढऱ्या प्लगवर प्रत्येक सेल वेगळा मोजला तरच हे सापडतं. घाईत साधा चार्ज लावणाऱ्यांकडं हे जास्त दिसतं. बॅलन्स चार्जला, म्हणजे दोन्ही सेल सारखे करत भरायला, वेळ लागतो, पण तोच लावा.

लाइन गेली म्हणून जनरेटर किंवा ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज केलं आणि त्यामुळं व्होल्ट वाढले, ही तक्रारही येते. चांगला चार्जर बाहेरून काय येतं याची पर्वा न करता आतला शेवटचा व्होल्ट स्वतः ठरवतो. ट्रॅक्टरची बॅटरी उतरली तर तो 'इनपुट कमी' म्हणून मध्येच थांबतो. म्हणजे पॅक कमी भरेल, जास्त नाही. एवढंच की ट्रॅक्टरचं इंजिन चालू ठेवा.

नियमपत्रकात काय लिहायचं

आपली नियमपत्रकं 'कमाल ८.४० व्होल्ट' एवढंच लिहून गप्प बसतात. कोणाच्या मीटरवर? केव्हा मोजलेलं? तळेगाव दशासरला किंवा कुठल्याही शंकरपटात (बैलजोड्यांच्या शर्यतीत) गेलेल्या माणसाला हे पटकन पटतं: जोडी घरी किती सेकंदात पळाली याला किंमत नाही, पटावरचं घड्याळ काय म्हणतं ते खरं. मग हेच पत्रकात लिहा. माझ्या मते इतकं पुरे:

"आयोजकांच्या मीटरवरचा आकडाच अंतिम. हे मीटर सकाळपासून टेबलावर असेल. हीटच्या आधी कोणीही आपला पॅक कितीही वेळा मोफत मोजून घ्यावा. अधिकृत मोजणी गाडी ट्रॅकवर जाण्याआधी होईल. आकडा ८.४० च्या वर गेल्यास पॅक उतरवून पुन्हा मोजता येईल. त्यासाठी हीट थांबणार नाही."

मोफत मोजणीचं वाक्य सगळ्यात कामाचं. सकाळी आपला पॅक ८.४३ दाखवतो हे कळलेलं पोरगं चार्जर खाली आणून ठेवतं, आणि दुपारी वाद घालायला कुणी उरत नाही.

बरेच आयोजक विचारतात, मग ८.४५ पर्यंत सूट देऊन टाकू का? मी नाही म्हणतो. सूट जाहीर केली की तीच नवी मर्यादा होते. पुढच्या वेळी सगळे ८.४५ ला भरून आणतात आणि भांडण ८.४६ वर सुरू होतं. मीटर तपासा, त्याचा फरक लिहून ठेवा आणि मर्यादा ८.४० च ठेवा. मीटर अर्धा टक्का जास्त दाखवतंय हे माहीत असेल तर तेवढं वजा करूनच निकाल द्या, आणि तो फरक टेबलावर सगळ्यांना दिसेल असा लावा.

पॅक उतरवायला मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब, होल्डर आणि टी-प्लग. दोन सेलच्या पॅकवर तो दीड अँपिअरच्या आसपास ओढतो. थोडा वेळ लावायचा, काढायचा, जरा थांबायचं आणि मग मोजायचं. काढल्याबरोबर मोजलं तर आकडा कमी दिसतो, मग परत थोडा वर येतो आणि पुन्हा वाद. बल्ब तापतो, प्लास्टिकच्या टेबलावर ठेवू नका.

वजन, रुंदी आणि लुकलुकणारा दिवा

तपासणीत आणखी तीन जागी गाड्या अडकतात. त्या तीनही ठिकाणी गोष्ट तीच: गाडी ठीक, मोजायची वस्तू गडबड.

१:१० फोर-व्हील बग्गीची 'इफमार' या आरसी शर्यतींच्या जागतिक संस्थेच्या नियमांतली किमान मर्यादा १५८८ ग्रॅम. हा विचित्र आकडा साडेतीन पौंडांचा आहे. आपण किराणा दुकानातला काटा आणतो. तो बहुधा ५-५ ग्रॅमनं सरकतो. म्हणजे त्यावर १५८८ कधी दिसतच नाही, एक तर १५८५ नाहीतर १५९०. त्यामुळं काटा असा असेल तर स्थानिक मर्यादा सरळ १६०० करा आणि मोकळे व्हा. काटा खरा आहे का हे बघायला दुकानदाराकडूनच वैधमापनचा शिक्का असलेली एक किलो आणि पाचशे ग्रॅमची वजनं घ्या, सकाळी सगळ्यांसमोर १५०० लावून दाखवा. पंखा बंद. गाडी कमी भरली तर व्हील बॅलन्सिंगच्या दुकानात ५ ग्रॅमचे चिकट तुकडे पट्टीनं मिळतात, ते बॅटरीच्या शेजारी, जमतील तितके खाली चिकटवा. शर्यतीनंतर वजन करणार असाल तर ब्रशनं काळी माती झाडून करा. चिकट मातीनं भरलेली चाकं हलक्या गाडीला वाचवतात.

रुंदी १:१० बग्गीला २५० मिमी. ती तपासायचं प्लायचं खोकं पावसाळ्यात फुगतं, दिवाळीनंतर आक्रसतं. स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्याकडून ॲल्युमिनियमच्या चॅनलचं करून घ्या. गाडी नेमकी तिथंच अडकत असेल तर चाकामागचा हेक्स (चाक ज्यावर बसतं तो षटकोनी तुकडा) बघा. बदली मिळालेला हेक्स मूळच्यापेक्षा जाड असला की दोन्ही बाजूंनी रुंदी वाढते.

स्टॉक क्लासमध्ये ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) झिरो टायमिंगवर हवा, म्हणजे त्यानं मोटरला जादा वेग द्यायचा नाही, आणि थ्रॉटल मोकळा असताना त्याचा दिवा लुकलुकला पाहिजे. दुपारी बाराच्या उन्हात तो दिसत नाही, म्हणून 'ब्लिंकी नाही' असं ठरवून मोकळे होऊ नका. हातानं सावली करा, बॉडी काढा, वाकून बघा. खरंच लुकलुकत नसेल तर प्रोफाइल बदललेलं असतं. प्रोग्राम कार्ड लावून परत झिरो टायमिंग घाला. कोणत्या कंपनीचा कोणत्या रंगाचा दिवा लुकलुकतो याचा कागद टेबलावर चिकटवून ठेवला तर बरं.

शेवटचं, आणि याला सूट नाही: फुगलेला पॅक. एप्रिल-मे महिन्यात पूर्ण भरलेला पॅक गाडीच्या डिक्कीत ठेवून आणला की तो फुगतो. हार्डकेसमध्ये फुगवटा चटकन दिसत नाही. सपाट फरशीवर ठेवून कोपऱ्यांवर बोट दाबा. डुगडुगला किंवा केसची शिवण उघडली असेल तर बाद. घरून आणताना सेलमागे ३.८ च्या आसपास, स्टोरेज चार्जवर आणा आणि मैदानावर भरा. भरायची जागा रुईच्या ढिगापासून आणि सरकीच्या गंजीपासून लांब, आवाराच्या मोकळ्या कोपऱ्यात, वाऱ्याच्या खालच्या बाजूला असावी. जवळ कोरड्या रेतीनं भरलेलं लोखंडी घमेलं हवं. चार्जिंग चालू असताना तिथं एक मोठा माणूस बसलेला हवा. पोरांना ती ड्युटी देऊ नका, ती हीट बघायला पळतात.